भिंतीकडे तोंड केलेला माणूस

४ फेब्रुवारी

दादा,

मायन्यात ‘तीर्थरूप’ लिहिलं आणि कागद बदलला. मी असं काही लिहिलं की तू आधी विचारतोस, काय हवंय? या वेळी काही नकोय. सहज लिहितोय.

गेल्या आठवड्यात सिनेमाच्या मध्यंतरानंतर तुझी खुर्ची रिकामी दिसली. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, “डोकं चढलंय त्यांचं. गार हवेचा झोत नेमका अंगावर येत होता.” म्हणजे चूक माझीच. पहिल्या खेळाला घरच्यांना चांगल्या जागा मिळाव्यात म्हणून मी भांडभांड भांडलो आणि नेमक्या झोताखालच्या मिळवल्या. तू इस्त्रीचा कोट घालून आला होतास. शेजारचे आणि कामावरचे मिळून अर्धी रांग भरेल इतकी माणसं आणली होतीस. त्यांना तसंच सोडून गेलास, म्हणजे डोकं भलतंच दुखत असणार. आता बरं आहे ना?

सिनेमा चाललाय. चाललाय कसला, पळतोय. दरोड्याचे सिनेमे लिहिता लिहिता माझे केस पिकले, पण असं कौतुक पहिल्यांदाच वाट्याला येतंय. लोक दुसऱ्यांदा येतात आणि चोरांच्या तोंडचे संवाद चोरांच्या आधी म्हणतात. परवा केस कापणाऱ्याने अर्धं डोकं भादरल्यावर विचारलं, “तो सिनेमा लिहिणारे तुम्हीच ना?” आणि उरलेलं अर्धं गप्पांच्या नादात वाकडं कापलं.

आणखी एक. तुला कुणी काही बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस. सिनेमातला पहारेकरी म्हणजे तू नाहीस. तू संग्रहालयात होतास, तो बँकेत आहे. तू ताडमाड, तो बुटका आणि ढेरपोट्या. तुमच्याकडून जुनी नाणी चोरीला गेली, इथे हिरे जातात. चोरांनी बजावलं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पाचशेपर्यंत आकडे मोजतो, एवढंच काय ते तुझ्यासारखं. आणि तेही कुणाच्याही बाबतीत घडू शकतं.

डोक्याचं कळव.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर वहिनी म्हणाल्या, “ते बाहेर गेलेत, भावजी,” आणि मागून तुझा खोकला ऐकू आला. अर्धं आयुष्य एका खोलीत झोपलोय आपण, तो खोकला मी ओळखणार नाही का? वहिनींना धड खोटं बोलता येत नाही. त्यांना कशाला कामाला लावतोस? माझ्यावर रागावला असशील तर समोर येऊन दोन शिव्या घाल.

आता मीही स्पष्टच लिहितो. दरोड्याच्या सिनेमाचं एक गणित असतं. आधी टोळी गोळा करायची. एक तिजोरी उघडणारा, एक गाडी पळवणारा, एक गोड बोलून कुणालाही गुंडाळणारी, आणि एक म्हातारा उस्ताद, ज्याची ही शेवटची चोरी असते. मग टेबलावर नकाशा पसरायचा. प्रेक्षकांना जो बेत आधी सांगितला तो फसायलाच हवा आणि जो लपवून ठेवला तो तडीस जायला हवा. ज्याचा माल जाणार तो असा नालायक दाखवायचा की बरी खोड मोडली असं वाटलं पाहिजे. रक्त सांडायचं नाही. आणि पहारेकरी भोळसटच हवा. तो शहाणा आणि धीट निघाला तर लोकांना त्याची काळजी वाटायला लागते, आणि ती वाटली की चोरांवरची माया आटते. माझा जन्म व्हायच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. यात तुझा अपमान कुठून आला?

हे गणित तूही माझ्याबरोबरच शिकलास. सगळ्यात पुढच्या रांगेत बसून, मान मोडेस्तोवर. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातले डबे मांडून चोरीचे बेत आखायचो आणि तू विचारायचास, “त्या पहारेकऱ्याचं पुढे काय झालं रे?” मी म्हणायचो, काय होणार, सिनेमा संपला. तेव्हा तू शाळेत होतास, तरी तुला त्याचीच चिंता.

शिवाय मी तुला न विचारता काही केलेलं नाही. तुझी हकीकत सिनेमात घालू का, म्हणून विचारलं तेव्हा तू हरखलास. तुझं काम करणारा नट तुझ्या घरी येत होता, दुपारच्या दुपारी बसत होता. किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत कसा दाबायचा, हे तूच त्याला दाखवलंस. वहिनींनी त्याला चहा पाजून पाजून हैराण केलं. माणूस भला आहे. एकदा तुझ्याकडून परतताना त्याने मला गाडीत विचारलं, “हा प्रसंग विनोदी आहे हे त्यांना माहीत आहे ना?”

मी म्हणालो, माहीत आहे.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहून गेलो, तर राहू दे.

धाकटा


६ मार्च

दादा,

काल ठमी येऊन गेली. तुला सांगितलं असेल किंवा नसेलही. तुझी लेक लहान असताना सगळ्यांवर हुकूम गाजवायची म्हणून मी तिला ठमी म्हणायला लागलो, पण काल ती दारात उभी राहिली तेव्हा ते नाव माझ्या तोंडातून फुटेना. बस म्हटलं तर बसली नाही. पाणी दिलं तर पेला तसाच टेबलावर ठेवला. ती जे बोलली ते सगळं लिहितो, म्हणजे मला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा तुला घोळ राहायला नको.

ती म्हणाली, तू आता ज्या कचेरीच्या फाटकावर असतोस तिथले तरुण कारकून सकाळी आत शिरताना भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणतात. मग खिदळत जिना चढतात. तू त्यांना सलाम करतोस. तू साहेबांकडे अर्ज करून मागच्या फाटकावर बदली मागून घेतलीस, जिथून फक्त कचऱ्याची गाडी आत येते.

“काका, त्या दिवशी बाबा सगळ्यांना काय सांगत होते माहितेय तुला?” ती म्हणाली. “पहारेकऱ्याने भिंतीकडे तोंड केलं ना, तेव्हा शेजारच्यांना कोपर मारून म्हणाले, आता बघा हं, आता बघा. सगळं थिएटर हसायला लागलं तरी ते थांबले होते. त्यांना वाटलं, अजून यायचंय. काका, ती मुलगी कुठे गेली?”

मी मान खाली घातली. ती म्हणाली, “तू विसरलास म्हण. विसरलो असं म्हणालास तर मी घरी जाऊन तसं सांगते. त्यांना तेवढंही पुरेल.”

विसरलो म्हणायला काय जात होतं? पण मला तेही जमलं नाही, आणि ती निघून गेली.

दादा, मी विसरलो नव्हतो. पहिल्या खर्ड्यात ती मुलगी होती. तू सांगितलीस तशी, पहारेकऱ्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी. ती घाबरू नये म्हणून तो मोठ्याने आकडे म्हणतो आणि तिलाही म्हणायला लावतो, असं मी लिहिलं होतं. मग आम्ही सगळे कथा ऐकायला बसलो. तो प्रसंग वाचून झाला. मला वाटलं, रंगला. तेवढ्यात निर्माता म्हणाला, “मूल आलं की जरा जड होतं, नाही?”

एवढंच म्हणाला तो. काढा म्हणाला नाही. दिग्दर्शक तर म्हणाला, राहू द्या, बघू. तिला काढायचं मी सुचवलं. तिथल्या तिथे, कुणी न मागता, हुशारी दाखवायला. मी म्हणालो, “मूल धाकात असेल तर आपले चोर लोकांना नकोसे होतील. मुलगी नकोच. एकटाच मोजू दे त्याला. पाचशे झाले की पुन्हा एकपासून. धमाल येईल.” सगळ्यांनी टेबलावर थाप मारली. मला पेन सापडेना, तर निर्मात्याने स्वतःचं दिलं.

मुलीसाठी मोजणारा माणूस वेगळा आणि एकटा मोजणारा वेगळा, हे मला कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षं हाच धंदा केला मी. मला तेव्हाच कळलं होतं आणि म्हणूनच मी ते केलं. चोर गोड दिसावेत म्हणून तुला भित्रा करून टाकलं.

आणि तू तिची वाट बघत बसला होतास. मला आरशात पाहवत नाही.

धाकटा


२२ मार्च

दादा,

निस्तरायला गेलो आणि आणखी घाण करून आलो. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

आधी निर्मात्याकडे गेलो. म्हटलं, तो आकडे मोजण्याचा प्रसंग कापा. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याचं नाक कापा म्हणतोय. मग उठून खिडकीचा पडदा सरकवला. समोरच्या इमारतीवर जाहिरात लागली होती, चार मजले उंच. भिंतीकडे तोंड केलेला माणूस, पाठमोरा, हातात किल्ल्या. चोरांपैकी एकही नाही त्यात. “लेखकमहाशय,” तो म्हणाला, “आपला सिनेमा म्हणजे हाच माणूस. याला कापू?” मग मला बसवून म्हणाला, दुसरा भाग करायचाय, पहारेकऱ्यालाच घेऊन. या वेळी चोर त्याला चुकून टोळीत घेतात, असं काहीतरी. लिहिणार ना?

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

मग गेल्या आठवड्यात आमच्या सत्काराचा कार्यक्रम झाला. मोठं सभागृह, गच्च भरलेलं. निवेदिकेने विचारलं, “तो भिंतीचा प्रसंग तुम्हाला सुचला कसा?” मी मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो. म्हणालो, मला सुचलेला नाही, माझ्या भावाच्या बाबतीत घडलेला आहे. लोक हसायला लागले. मी म्हणालो, थांबा, त्याच्या शेजारी एक लहान मुलगी होती, तो तिच्यासाठी मोजत होता. तर हशा आणखी वाढला. बाई डोळे पुसत म्हणाल्या, “म्हणजे दोघं मिळून मोजत होते?” त्यांना वाटलं मी सिनेमात राहून गेलेला एक विनोद सांगतोय. हा माणूस विनोदाचा आहे, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते मीच बसवलंय, त्यांना काय बोल लावू?

दादा, आवाज चढवून म्हणता आलं असतं की हसू नका. माइक माझ्या हातात होता. पण इतकी माणसं आपल्याकडे बघून हसत असली की तोंड आपोआप तसंच होतं. मीही हसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या हातात फुलं दिली.

फुलं घरी आणली नाहीत. पण त्याने काय होतंय?

धाकटा


२ एप्रिल

दादा,

काल वहिनींचा फोन आला. त्या ओट्याशी उभं राहून हळू आवाजात बोलत होत्या. मला वाटलं, तुला बरं नाही. त्या म्हणाल्या, “भावजी, एक विचारू? ती मुलगी खरंच होती ना?”

मी म्हणालो, असं काय विचारता?

“काल हे जेवता जेवता म्हणाले, मुलगी होती का नव्हती, कोण जाणे. मी घाबरलो होतो एवढं खरं. मग आपल्यालाच बरं वाटावं म्हणून मनाने घातली असेल एक मुलगी. धाकट्याने बरोबर लिहिलंय, असं म्हणाले. आणि पुन्हा भात वाढून घेतला, जसं काही झालंच नाही. भावजी, त्या वेळी मी माहेरी होते. मी जे ऐकलं ते यांच्याच तोंडून, चार दिवसांनी. घरी तुम्ही होतात.”

तू माझ्यावर चिडलायस, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. चिडलास तर चिडलास, आज ना उद्या राग उतरेल. तू माझंच खरं मानशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. दादा, मी तुला घरातल्या घरात लुटलं, आणि तू म्हणतोयस की माझ्याकडे काही नव्हतंच.

दुसऱ्या भागाला नाही सांगून आलो. त्यात मोठेपणा काही नाही, फार उशीर लावला. सभागृहं भरून माणसं माझं ऐकणार नाहीत हेही कळलं. पण तुला ऐकावं लागेल. हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलंय.

त्या संध्याकाळी तू आलास तेव्हा मी एकटाच घरी होतो. तू कोट न काढता स्वयंपाकघरात आलास आणि ओट्याला टेकून उभा राहिलास. मी चहा ठेवला. तू म्हणालास, दुपारी संग्रहालयात चिटपाखरू नव्हतं. मावशीबरोबर आलेली एक मुलगी बाकावर पाय हलवत बसली होती, मावशी खाली गेली होती. तिघं आले. त्यांनी तुम्हा दोघांना लोकांच्या पिशव्या ठेवायच्या खोलीत लोटलं, भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि सांगितलं, मोठ्याने पाचशे मोजा, दाराशी आमचा माणूस आहे, आवाज थांबला की आत येईल. मुलगी हुंदके द्यायला लागली. तू विचारलंस, “तुला येतात का गं पाचशेपर्यंत?” ती रडत रडत म्हणाली, “मला हजारापर्यंत येतात.” हे सांगताना तू हसलास. एकोणसत्तरच्या जागी ती एकोणऐंशी म्हणाली, तर तू तिला मागे आणलंस. पाचशे झाले. दाराशी कुणी आहे की नाही तुला कळेना. तू मला म्हणालास, एकटा असतो तर वळून बघितलं असतं, पण ती होती ना रे. म्हणून तू तिला म्हणालास, “आता उलटे मोजू, ते अवघड असतात.” पोलीस आले तेव्हा तुमचं उलटं मोजणं चाललं होतं. मावशी रडत वर आली आणि कुणी नावगाव विचारायच्या आत तिला उचलून घेऊन गेली. तू घाबरला होतास, हेही तू मला सांगितलंस. ते कधी लपवलं नाहीस.

हे सगळं तू मनाने रचलंस, असं आता तुला वाटतंय. रचलं असतंस तर तेही मी समजू शकतो, आयुष्यभर दुसरं केलंय काय मी? म्हणून तू न सांगितलेलं सांगतो. चहाचा कप उचलताना तुझी बाही मागे सरकली. डाव्या मनगटावर नखं रुतल्याच्या चार खुणा होत्या, अगदी बारीक आणि एकमेकींना लागून. एकीतून रक्त आलं होतं. तुझं लक्षही नव्हतं. मी म्हटलं, हे काय झालं? तू हात उजेडात धरून बघितलास आणि म्हणालास, “अरेच्चा, केवढं घट्ट धरलं होतं पोरीने.” मी आयोडीन लावलं. ते झोंबलं म्हणून तू मला शिवी दिलीस. मग खुणा किती जवळ जवळ आहेत ते बघायला मी माझी बोटं त्यांच्यावर ठेवून पाहिली. ती बसेनात, माझा हात फार मोठा होता.

पेनाने तिच्यावर काट मारली, तेव्हा मला हे सगळं आठवत होतं. ती मुलगी होती, दादा.

धाकटा